कमाटीबागेतले तीन दिवस

आईचं आजोळ बडोद्याचं. लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिनं तिथं काढलेली. त्या सुट्ट्यांच्या गोष्टींत राजवाडा यायचा, सुरसागर तलाव यायचा, मांडवीचा बाजार यायचा, पण गोष्ट संपायची ती कायम कमाटीबागेत. "आणि मग संध्याकाळी आम्ही कमाटीबागेत गेलो." मी हे वाक्य चाळीस वर्षं ऐकतेय. माझ्या लेकीनं, मनूनं, नऊ वर्षं ऐकलंय. शेवटी गेल्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी आम्ही तिघी निघालो.

माझा बेत अगदी शिस्तीचा होता. एक दिवस लक्ष्मीविलास राजवाडा, एक दिवस पावागड, आणि मधे कुठंतरी दोन-तीन तास बाग. झालं उलटंच. राजवाडा बाहेरून बघितला, पावागड राहूनच गेला, आणि तिन्ही दिवस बागेत गेले.

गुरुवार

पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी बडोदा. आईचे मामेभाऊ, आमचे नानामामा, स्टेशनवर घ्यायला आलेले. वय पंचाहत्तर, कानटोपी, मफलर, आणि हातात स्कूटरची किल्ली. चौघांना आणि तीन बॅगांना स्कूटरवर कसं नेणार होते कोण जाणे. शेवटी आम्ही रिक्षात आणि ते पुढे स्कूटरवर, पायलट गाडीसारखे.

घर दांडिया बाजारात. जुना वाडा पडून तिथं इमारत उभी राहिलीय, पण वाड्यातला पितळी कड्यांचा झोपाळा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात टांगलाय. बडोद्याच्या मराठीत तो झोपाळा नाही, 'हिंचका'. "हिंचक्यावर बसा, चहा आणतो." आणि बाहेर थंडी नसते, 'ठंडी' असते. आई उतरल्यापासून दहाव्या मिनिटाला तसंच बोलायला लागली. पुण्यात कधी ऐकली नव्हती ही आई.

चार वाजता बागेकडे निघालो. फाटकाजवळच्या चौकाला सगळे 'काला घोडा' म्हणतात. घोड्यावर तिसरे सयाजीराव महाराज बसलेत. शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड, पुतळा १९०७ चा. मुंबईत आपल्या काळा घोड्यावरचा राजा सातवा एडवर्ड १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला, तरी चौकाचं नाव घोड्याच्याच नावानं राहिलं. इथं तर स्वार जागच्या जागी आहे, लोकांचा आवडताही आहे, तरी चौक घोड्याचाच! नानामामांना विचारलं तर म्हणाले, "महाराजांचं नाव आख्ख्या गावाला आहे. घोड्याला एवढं तरी राहू दे."

ते खोटं नाही. बागेचं कागदोपत्री नाव सयाजीबाग, शेजारच्या भागाचं सयाजीगंज, विद्यापीठ महाराजा सयाजीरावांचं. बाग १८७९ मध्ये सुरू झाली. म्हणजे तेव्हा महाराज पंधरा-सोळा वर्षांचे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पूर्ण अधिकार हातात आले १८८१ च्या शेवटी. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे. तेव्हा बागेचं श्रेय नेमकं कुणाला किती, यावर नानामामा आणि त्यांचे सकाळचे दोस्त अजून भांडतात. पण बाग लोकांसाठी होती, राजवाड्याच्या भिंतीआड नव्हती, हे महत्त्वाचं. विश्वामित्री नदीच्या काठानं पसरलेली, ११३ एकरांची.

आत शिरल्यावर आईचा पहिला प्रश्न, "फुलांचं घड्याळ चालू आहे ना?" वीस फूट व्यासाची तबकडी, तीवर फुलझाडं आणि कातरलेली बारीक पानं, काटे चालवणारं यंत्र जमिनीखाली. मनूनं लगेच हातातल्या घड्याळाशी वेळ ताडून बघितली. फरक किती होता ते सांगत नाही, माळीबुवांची मेहनत मोठी आहे. ते कडेला बसून हातकात्रीनं पानं छाटत होते. मनूनं विचारलं, "पाणी घातल्यावर आतलं मशीन गंजत नाही का?" माळीबुवा गुजराती, मनू मराठी. दोघंही हातवारे करत पाच मिनिटं बोलले, आणि दोघांचंही समाधान झालेलं दिसलं.

मग प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी गेलो, तर दार बंद. "बेन, आजे बंध छे. काले आवजो." चूक माझीच. इतक्या बारकाईनं आखलेल्या बेतात साप्ताहिक सुट्टी बघायची राहून गेली होती. तुम्ही गेलात तर प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालय या दोन्हींचे सुट्टीचे दिवस आधी विचारून घ्या. बाग उघडी म्हणजे आतलं सगळं उघडं, असं नाही.

मनूचं तोंड उतरलं, म्हणून छोट्या आगगाडीत बसलो. आईच्या आठवणीतली गाडी ही नव्हे. ती जुनी, खेळण्यापेक्षा थोडीच मोठी गाडी मूळची राजवाड्यातली. राजघराण्यातल्या मुलांसाठी करून घेतलेली, नंतर बागेत आली. तिचं इंजिन आता राजवाड्याच्या आवारात, महाराजा फत्तेसिंह संग्रहालयापाशी ठेवलंय. आम्ही बसलो ती नवी गाडी ऐसपैस होती, तीत आजीआजोबाही आरामात मावत होते. आईनं बसताना म्हटलं, "त्या गाडीत गुडघे हनुवटीला लागायचे." मग पुढे अख्ख्या फेरीत ती एक शब्द बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर एक लक्षात ठेवा. तेव्हा गाडी लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटांमधून जायची, रुळांच्या आसपास मुलांचा हात सोडू नका.

झाडांच्या शेंड्यांवर जागोजाग पतंग अडकले होते. गुजरातेत उत्तरायणाचे पतंग महिनाभर आधीपासून उडायला लागतात. एका सप्तपर्णीवर मनूनं अकरा पतंग मोजले.

शुक्रवार

सकाळी सव्वासहाला नानामामांनी दार वाजवलं. "चला, ठंडी आहे, स्वेटर घाला." बाहेर अजून अंधार. बागेत मात्र जत्रा. भराभर चालणारे, उलटं चालणारे, झाडाला मिठी मारून उभे असलेले, हात वर करून गडगडाटी हसणारे. भाजीच्या रसांचे आणि गरम पेयांचे गाडे फाटकाबाहेर लागलेले. कारल्याचा रस पिऊन लगेच शेजारी जलेबी-फाफडा खाणारे दोन गृहस्थ मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले.

नानामामांचा कट्टा सात जणांचा. चार गुजराती, दोन मराठी, एक सिंधी. भाषा चौथीच काहीतरी. वाक्य मराठीत सुरू होतं, गुजरातीत वळण घेतं आणि हिंदीत संपतं. आम्ही पुण्याच्या म्हटल्यावर पहिला हल्ला बाकरवडीवर झाला. "भाकरवडी आमची. तुम्ही नेली आणि कडक केलीत." मी चितळ्यांच्या गावची असून गप्प बसले. परक्या गावात सकाळी सातला सात जणांशी भांडायचं नसतं.

मग नानामामांनी आम्हाला नदीकडे नेलं. विश्वामित्री पावागडावर उगवते आणि शहराच्या मधोमध वाहते. बागेच्या पोटातूनच जाते म्हणा. पूल ओलांडायच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, "काठाकडे बघत राहायचं. हललं तर मगर, नाही हललं तरी मगर."

मला वाटलं गंमत करतायत. ऊन वर आलं तसं पलीकडच्या काठावरचं एक चिखलानं माखलेलं ओंडकं उघड्या तोंडाचं झालं. मोठी मगर होती, सात-आठ फुटांची तरी. पिंजरा नाही, जाळी नाही, पाटी नाही. माणसांच्या भर वस्तीत, जॉगिंगच्या रस्त्यापासून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर ऊन खात पडलेली. मनू इतका वेळ एका जागी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघितली.

या नदीत मगरी शेकड्यांनी आहेत. बडोद्याचे लोक त्यांच्याबद्दल वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंसारखं बोलतात. त्रास होतो, पण जुने आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी शहरात शिरलं तेव्हा मगरीही सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यांवर आल्या आणि वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्यांना उचलून नेत होते. कट्ट्यावरच्या सिंधी काकांनी मोबाइलवर त्या वेळचे फोटो दाखवले. पाणी त्यांच्या दिवाणखान्यात कमरेइतकं होतं. "मगर नाही आली?" मनूनं जरा निराश होऊनच विचारलं. "आली असती तर चहा पाजला असता," काका म्हणाले.

पुराच्या खुणा बागेतही होत्या. काही बुंध्यांवर डोक्याच्या उंचीला मातीची रेघ, झुडपांच्या फांद्यांत अडकलेलं प्लास्टिक. जानेवारीत ते वाळून गंजलेल्या पताकांसारखं दिसत होतं.

प्राणिसंग्रहालय उघडल्यावर तेही बघितलं. तेही बागेइतकंच जुनं. मला स्वतःला पिंजरे बघवत नाहीत, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. मनूला पक्ष्यांचा मोठा जाळीघर-विभाग आवडला. तिथं आपण आत असतो आणि पक्षी डोक्यावरून जातात. बाहेर पडताना मात्र ती म्हणाली, "नदीतली मगर जास्त भारी होती. ती तिची ती होती."

दुपारच्या जेवणाऐवजी कीर्तिस्तंभाजवळ शेवउसळ. बडोद्याला जाऊन ही खाल्ली नाही तर गेलात कशाला? वाटाण्याची उसळ, वर पातळ लालभडक तरी, मूठभर शेव, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि पाव. मिसळीसारखी दिसते, पण मिसळ नव्हे. फरसाणाची गर्दी नाही, मटकी नाही, पाणीदार आहे, आणि तिखट सरळ कानात जातं. "तीखुं के मोळुं?" असं विचारतील तेव्हा पुणेरी अभिमान गिळा आणि 'मोळुं' म्हणा. तरी मागून हवी तेवढी घालून देतात. मी 'तीखुं' म्हटलं. नानामामांचं म्हणणं, ही गायकवाडांच्या फौजेबरोबर आलेली मराठी उसळ आहे, इथं येऊन पाण्याला लागली. पुरावा मागितला तर त्यांनी माझ्या नाकातून वाहणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं.

दुपारी बागेतलंच बडोदा संग्रहालय आणि चित्रवीथी. यासाठी किमान तीन तास ठेवा, आणि जेवून झोप येत असेल तर जाऊच नका. इमारत चार्ल्स मँट आणि चिझम या इंग्रज वास्तुविशारदांची, संग्रहालय १८९४ पासूनचं. शेजारची चित्रवीथी १९१४ मध्ये बांधून तयार झाली, पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि युरोपात विकत घेतलेली चित्रं तिकडेच अडकली. ती येऊन दालनं उघडायला १९२१ उजाडलं. सात वर्षं रिकाम्या भिंती! मला चित्रांपेक्षा हीच गोष्ट जास्त लक्षात राहिली. रोज झाडलोट करणारा कुणीतरी असेल, रिकाम्या खिळ्यांवरची धूळ पुसणारा.

मुलांना थेट देवमाशाकडे न्या. निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा, लांबी ७२ फूट. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी हा मासा किनाऱ्याला लागला होता. मनू शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजत गेली, मग परत डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि दोन वेळचा हिशेब जुळेना म्हणून तिसऱ्यांदा. 'पिल्लू' या शब्दावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही. इजिप्तची ममीही आहे. तिच्यापुढे शाळेच्या सहलीतली मुलं एकमेकांना ढकलत होती आणि बाई "शांती राखो" म्हणून ओरडत होत्या.

मी रेंगाळले ती अकोट्याच्या मूर्तींपाशी. अकोटा म्हणजे आता बडोद्याचंच एक उपनगर. तिथं १९५१ च्या सुमारास जैन ब्राँझ मूर्तींचा मोठा साठा जमिनीत सापडला. पाचव्या ते अकराव्या शतकादरम्यानच्या मूर्ती. उमाकांत शाह या अभ्यासकानं त्यांचा अभ्यास केला. त्यातली एक चामरधारिणी आहे, आठव्या शतकाच्या आसपासची. उंचीला फार नाही, पण कमरेला दिलेलं ते एक वळण आणि चेहऱ्यावरचं ते अर्धं हसू! बाराशे वर्षं कुणाला तरी वारा घालत उभी आहे आणि दमलेली नाही. आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लहानपणी हिला आम्ही बघितलंच नाही गं. आम्ही धावत ममीकडे जायचो." सगळ्या पाट्या धड वाचता येतील असा उजेड सगळीकडे नाही, चष्मा विसरू नका.

संध्याकाळी गेंडीगेटच्या रस्त्यावर पतंगबाजार. मांजा रंगवणारे रस्त्याच्या कडेला खांब रोवून, हाताला चिंध्या गुंडाळून गुलाबी दोरा ओढत होते. त्याच रस्त्यावर जखमी पक्ष्यांसाठीच्या करुणा अभियानाचे फलकही लागलेले. मनूनं फलक वाचून साधा दोरा घेतला, मांजा नको म्हणाली. दुकानदारानं तिच्याकडे दयेनं बघितलं आणि एक पतंग फुकट दिला.

शनिवार

परतीची गाडी रात्रीची. सकाळी कीर्तिमंदिर. हे गायकवाड घराण्याचं स्मारक काळ्या घोड्यापासून चालत जाण्याएवढं जवळ. १९३६ मध्ये सयाजीरावांच्या राज्यकारभाराच्या हीरक महोत्सवानिमित्त बांधलेलं. शिखरावर सूर्य, चंद्र, पृथ्वी, आणि पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आत भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. गंगावतरण, मीराबाई, महाभारतातलं युद्ध. १९३९ ते १९४६ च्या दरम्यान अधूनमधून येऊन त्यांनी ती केली. ज्यांनी बोलावलं ते महाराज १९३९ च्या फेब्रुवारीतच गेले. बाहेर ऊन, आत गारवा, आणि आम्ही सोडून एक झाडणारा माणूस. ज्या भिंतींसाठी लोकांनी शांतिनिकेतनाहून इथवर यावं, तिथं शनिवारी सकाळी आमच्याच चपलांचे तीन जोड.

मग पेढे, लीलो चेवडो आणि भाकरवडी. लीलो चेवडो म्हणजे बटाट्याचा, चणाडाळीचा, बेदाण्यांचा मऊसर चिवडा. गोडसर, जरा ओलसर, आणि पुण्याच्या माणसाला पहिल्या घासाला 'मऊ पडलाय' असं वाटणारा. चौथ्या घासापासून पिशवी कुणाला देत नाही. फार दिवस टिकत नाही, निघायच्या दिवशीच घ्या. गाड्यावर पोंकही मिळाला. आपल्या हुरड्याचा गुजराती भाऊ, बरोबर तिखट शेव आणि साखरेच्या गोळ्या.

सामान नानामामांकडे ठेवून तीनच्या सुमारास शेवटचं म्हणून बागेत आलो. गाडीला पाच-सहा तास होते. बाकावर बसलो तर शेजारी एक जोडपं येऊन थांबलं. साठी ओलांडलेलं, काकांच्या हातात कापडी पिशवी, काकूंच्या पदराला पिन. काकांनी नानामामांना हिंदीत विचारलं, "भाईसाब, संकल्पभूमी किधर है?" आम्ही मराठी ऐकून ते एकदम मोकळे झाले. भुसावळचे. काका एसटीत वाहक होते, निवृत्त झाल्यावर दोघं एक-एक ठिकाण बघायला निघतात. महाड झालं, नागपूर झालं, आता बडोदा.

नानामामा थोडे गडबडले. "ते... वडाचं झाड ना? आहे इथं. तिकडे असावं." पन्नास वर्षं रोज या बागेत चालणारा माणूस. कुठल्या बाकाचा कुठला पाय हलतो ते सांगणारा. त्यांनी शेवटी एका माळ्याला विचारलं. माळ्यानं खुरपं न सोडता वाट दाखवली. नानामामा पुढे काही बोलले नाहीत, पण कानटोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "चला, मीही येतो."

वडापाशी काकूंनी पिशवीतून फुलं काढली. काकांनी मनूला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगावं तसं. बाबासाहेब पहिल्यांदा बडोद्याच्या नोकरीत आले १९१३ मध्ये. थोड्याच दिवसांत त्यांचे वडील गेले. मग याच सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेला पाठवलं. अट अशी, की परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. ते कोलंबियाला शिकले, लंडनला गेले, आणि १९१७ मध्ये शब्दाप्रमाणे बडोद्याला हजर झाले. राहायला खोली कुणी देईना. तेव्हा पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाली.

"महाराजांना का नाही सांगितलं?" मनू.

काका जरा थांबले. "सांगितलं असतं तरी खोली कुणाची? महाराजांची थोडीच होती. गावाची होती."

पुढचं मला ठाऊक होतं, कारण बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलंय. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडेही जमलं नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी काढले ते या कमाटीबागेत. लिहिताना त्यांनी कुठल्या झाडाचं नाव घेतलेलं नाही, प्रतिज्ञेचाही उल्लेख नाही. मन सुन्न होतं, दुःख होतं, आणि निराधार मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवले, एवढंच. आठ वाजता ते बागेतून उठले आणि सामान आणायला गेले. अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प त्यांनी इथं केला, ही गोष्ट लोकांनी नंतर या वडाशी बांधली. २३ सप्टेंबरला दरवर्षी इथं माणसं जमतात. मला मात्र, खरं सांगायचं तर, संकल्पापेक्षा ते पाच तास जास्त जड वाटले. सव्वीस वर्षांचा, कोलंबियाहून शिकून आलेला माणूस, आणि आख्ख्या बडोद्यात त्याला बसायला कुणी आडकाठी केली नाही अशी जागा म्हणजे ही बाग. आईच्या गोष्टींतल्या कमाटीबागेत फुलांचं घड्याळ होतं, आगगाडी होती, ममी होती. हे नव्हतं. साठ वर्षांत कधीच नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. ती काकूंनी दिलेलं फूल हातात धरून उभी होती.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आम्ही विचारलंही नाही."

काकूंनी डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही चेवडो काढला. काकांनी एक घास खाऊन विचारलं, "मऊ पडलाय का हो हा?" नानामामा मोठ्यानं हसले आणि त्यांना चेवड्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. निघताना काका "जय भीम" म्हणाले. नानामामांनी हात जोडले आणि तेच म्हणाले, जरा अडखळत, पण म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला कट्टा वडापाशी नेला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. सिंधी काका म्हणे कुरकुरले, तिथं बाक नाही म्हणून.

संध्याकाळी मनूनं फुकटचा पतंग साध्या दोऱ्यावर उडवून बघितला. बागेत झाडं इतकी, की दुसऱ्याच मिनिटाला तो एका फांदीत गेला. तिनं दोरा तोडून दिला आणि वर बघून मोजलं. त्या झाडावर आता सात होते. अंधार पडायला लागला तशी पाखरं ओरडू लागली, माणसं फाटकाकडे वळली, आणि आई म्हणाली, "आणखी पाच मिनिटं." आम्ही बसलो. नानामामा अधूनमधून घड्याळ बघत होते, गाडी नऊ वाजून गेल्यावरची होती, तरीही.